टफन

अमळनेरला, बोरीच्या पुलाअलीकडे माझं दुकान, सहा बाय आठ.
मे महिन्यात इथे कथील आपोआप वितळतं
असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. हसत नाही कोणी.

फोन पुढे आला की मी आधी तडे वाचतो.
हातातून निसटला तर काच कोपऱ्यातून जाते,
खाटेवरून पडला तर काठाने,
ट्रॅक्टरखाली गेला तर वाचायला काही उरत नाही.
आणि तडे मधोमधून निघाले असतील
लहान पोरांनी काढलेल्या सूर्यासारखे,
तर कोणीतरी मारलेलं असतं.

"पडना," बाविस्कर म्हणाले.
मी स्क्रू काढत राहिलो.
डाळमिलमध्ये काट्यावर बसतात ते,
सबंध दिवस पोती तोलतात;
खोट्याचं वजन त्यांना फार वेळ पेलवलं नाही.
"मीच मारा. वरवंटा.
पोऱ्या वाया गया, भाऊ. रातभर गोया झाडस.
मायवर वसकस. जेवाले बलाव त दात खास.
त्या गेममुये त्यानं डोकं फिरी गयं."

पोऱ्या बाहेर, रिकाम्या खोक्यांच्या सावलीत. भावेश.
चौदाचा असेल. उजवा कान डाव्यापेक्षा लाल.
वरवंट्याच्या आधीही काहीतरी झालं होतं.
विचारलं नाही मी.

पण तो गरीब गाय होता, असंही लिहिणार नाही.
डिस्प्ले चढेपर्यंत चाळीस मिनिटं लागली,
त्यात नऊ वेळा त्याने विचारलं, झाला का.
आईच्या साबुदाण्याच्या डब्यातले आठशे रुपये काढून
बंदुकीला सोनेरी रंग घेतला होता त्याने,
असल्या बंदुकीला, जी हातात धरता येत नाही.
आणि माझ्या काउंटरच्या काचेवर
त्याचा अंगठा चालत होता, खाली काहीच नसताना,
पुढे, पुढे, डावीकडे, थांब, पुढे.

तो अंगठा मला ओळखू येतो.
बस स्टँडमागे रुपयाला एक नाणं मिळायचं तेव्हा
मी वडिलांच्या सदऱ्यातून रुपये काढायचो.
एकदा मशीनने माझं नाणं गिळलं,
आणि मी नंदू शिंप्याच्या पोटात गुद्दा घातला.
मशीनमुळे घातला? नंदू हसला म्हणून?
की घरी मला जे मिळायचं
ते कुठेतरी देऊन टाकायचं होतं?
तीस वर्षं झाली. नंदू आता शाळेचे गणवेश शिवतो,
माझ्या पँटी आखूड करून देतो.
त्यालाही ठाऊक नाही.

बॅटरी लावली. फोन उजळला.
निरोप एकाखाली एक पडत गेले, सगळे रात्री एक बाराचे:
कुठे गेलास भो
मी पडलोय
उचल ना
भो

"तो खाली पडला होता," भावेश पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला.
"पडलेल्याला उचलायला दहा सेकंद लागतात.
तेवढा वेळ हलायचं नाही, गोळ्या आल्या तरी.
सहा झाले होते."

बाविस्करांनी पाकीट काढलं. बोटं थरथरत होती,
नोटा मोजताना दोनदा चुकले.
आयुष्यात त्यांनी एकही गेम खेळलेला नाही.
"अशी काच हाय का," त्यांनी विचारलं, "जी फुटाव नही?"
नाही म्हणालो. टफन आहे, शंभर रुपयांचा.
तो आधी फुटतो.
"लावी द्या."

लावताना एक बुडबुडा राहिला आत.
मी म्हणालो, राहू दे, जाईल दोन दिवसांत.
पण भावेशने फोन चालूच केला नाही.
बापाने गाडीला किक मारली, परत मारली, हाक मारली,
तो उन्हात उभा राहून नखाने
तो बुडबुडा काठाकडे ढकलत होता,
सावकाश.